तीन वेळा खोकून मरणारी मोटर

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावानं बोटं मोडायला नको. चाळीस वर्षं मी इंजिनं दुरुस्त करतोय. पाण्याच्या पंपांची, जनरेटरची, होड्यांची. या चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकांना "उद्या या" असं तीन-तीन आठवडे सांगितलंय. बायकोला "निघालोच" म्हणून तासभर दुकानातच बसलोय. पण इंजिनाबद्दल कधी खोटं बोललो नाही. चांगलं त्याला चांगलं, गेलेलं त्याला गेलेलं. हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे, आणि माझ्या ताईला तर सगळ्यांपेक्षा जास्त. म्हणून तर तिचं डोकं फिरलं होतं.

रविवारी सकाळी मी भाऊजींना न्यायला तिच्या घरी गेलो, तर तिनं मला मनगटाला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावलं.

"मोटर बघायची, तोंड वाकडं करायचं आणि नको म्हणायचं. एवढं जमेल ना तुला?"

"वाईट असेल तर म्हणेन."

"आणि चांगली असली तर?"

"तर चांगली म्हणेन. ताई, तुला माहीत आहे मी कसा आहे ते."

"मग वाईट काहीतरी शोध! इतकी जुनी मोटर आहे, काही ना काही सापडेलच की. माणसांत सापडतं, मोटरीत सापडणार नाही?"

मी हसलो. ती हसली नाही. "अरे, त्यांना पोहता येत नाही," ती म्हणाली. "अंघोळीच्या बादलीत आधी बोट बुडवून बघणारा माणूस, आणि निघालाय होडी घ्यायला! एकटाच जाणार म्हणतोय. काही झालं तर मी काय करू रे?" एवढं बोलून तिनं ओट्यावरचं कोरडंच फडकं पुन्हा पिळलं. मग माझा चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात खुपसला आणि वर थोपटला. "आणि हा सांभाळ. मागच्या वेळी फ्रिजवर ठेवून गेला होतास."

भाऊजी बाहेर तयार होते. तयार म्हणजे किती, तर अंगात भडक नारिंगी लाइफ जॅकेट, त्याचे तिन्ही पट्टे आवळलेले आणि गळ्यात शिट्टी. शेजारची बाई खिडकीतून बघत होती. भाऊजींनी तिच्याकडे बघून हात हलवला.

"भाऊजी, होडी अजून घेतली नाही आपण."

"सुरुवात कुठूनतरी करायला हवी," ते म्हणाले आणि गाडीत बसले. जॅकेटमुळे सीटबेल्ट काही लागेना. अर्धा रस्ता ते त्याच्याशीच झटापट करत होते.

भाऊजींची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस नुसता हौशी आहे. छत्तीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात काढली, तळघरात. खिडकी नाही. डोक्यावर ट्यूब आणि नाकात सरसाचा वास. जेवणाच्या सुट्टीत ते डब्याखाली एका तलावाचं कॅलेंडर ठेवायचे, जुनं, त्यातलं वर्ष कधीच संपलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. होडी. ताई म्हणाली सायकल घ्या. तेव्हापासून घरात दोन महिने युद्ध चालू होतं आणि आज त्याचा निकाल माझ्या तोंडून लागायचा होता. मला काय, मी सकाळपासून घाबरलेलो. इंजिनाला मी घाबरत नाही, ताईला घाबरतो.

होडी विकणारा मुलगा तलावाच्या जुन्या धक्क्यावर आमची वाट बघत होता. मुलगा म्हणजे चांगला पंचेचाळिशीचा, औषधांचं दुकान चालवणारा. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. धक्क्यालगत त्यांची पत्र्याची शेड होती आणि आतल्या प्रत्येक डब्यावर त्याच्या हातची चिठ्ठी होती. 'खिळे मोठे.' 'खिळे मध्यम.' 'दोरी, वापरलेली.' दारावरसुद्धा 'ओढा' असं लिहिलेलं.

धक्क्याच्या कडेला एक हडकुळी बाई उपड्या बादलीवर बसून मटार सोलत होती. बहात्तर-पंचाहत्तरची असेल. खाली होडी बांधलेली, हिरव्या रंगाची, आणि तिच्या मागच्या फळीवर ती मोटर.

"ही माझी आई," औषधवाला म्हणाला. "होडी तिचीच. पूल व्हायच्या आधी पलीकडच्या शाळेचे मास्तर, डॉक्टर, टपालाच्या पिशव्या, सगळं हीच न्यायची. पण आता डोळ्यांनी दिसत नाही नीट, हात थरथरतात. तुम्ही मोटर बघून घ्या."

हे सगळं तिच्या समोर, जणू ती बादलीचाच भाग आहे. माझी सटकली. पण पाहुणा म्हणून गेलेला, हत्यारांची पिशवी उघडायला लागलो.

"नमस्कार आजी," भाऊजी म्हणाले.

"आजी?" तिनं भाऊजींच्या टकलापासून जॅकेटच्या पट्ट्यांपर्यंत नजर फिरवली. "मला एकच नातू आहे, आणि त्याला केस आहेत."

भाऊजी लाजले. मी मात्र तिथल्या तिथे तिच्या बाजूचा झालो.

आता मोटर. माझी एक पद्धत आहे. जुनी मोटर बघायला गेलो की रामराम नंतर, आधी कव्हरवर तळहात. कव्हर कोमट लागलं की समजायचं, विकणाऱ्यानं तुम्ही येण्याआधी ती गुपचूप चालवून ठेवलीय, कारण गार असताना ती सुरू व्हायला छळते. मी होडीत उतरलो आणि हात ठेवला. थंडगार. सावलीतली, रात्रभर न हललेली. शाब्बास, म्हटलं, प्रामाणिक लोक आहेत.

मग पंखा धरून हलवला. डुगडुग नाही. खालच्या गिअरचा स्क्रू सैल करून तेलाचे दोन थेंब बोटावर घेतले. आत पाणी शिरलं असेल तर तेल दुधासारखं पांढरट दिसतं. हे स्वच्छ, मधासारखं. स्क्रूखालची चकती तर कोरी करकरीत. सव्वीस वर्षांची मोटर आणि चकती मागच्या महिन्यातली? मी मान वर करून बघितलं. म्हातारी मटार सोलत होती.

"चालू करून बघू," मी म्हणालो आणि दोरी ओढली.

मोटर खोकली. एकदा, दोनदा, तीनदा. आणि मेली.

पुन्हा ओढली. पुन्हा खोकली आणि मेली.

"हेच!" औषधवाल्यानं कपाळाला हात लावला. "तीन गिऱ्हाइकं आली, तिघांच्याही समोर हेच. आधी खोकते, मग मरते. मी त्यांना सांगून थकलो की आई आठ दिवसांपूर्वीपर्यंत चालवत होती, कुणाला पटत नाही."

भाऊजींचा चेहरा पडला. जॅकेटसकट सगळा माणूसच खाली आल्यासारखा दिसला. मला ताई आठवली. घे, म्हटलं, ताई, सापडलं तुझं वाईट. आता नको म्हणायचं आणि घरी जायचं, खोटंही नाही.

पण मेलेल्या इंजिनाजवळून नुसतं उठून जाणं मला जमत नाही. पेट्रोल पोचत नव्हतं, हे उघड होतं. मी टाकीपासून नळी धरत पुढे आलो. मध्ये एक रबरी फुगा असतो, तो हातानं दाबला की पेट्रोल इंजिनाकडे जातं. त्याच्यावर बाण कोरलेला असतो आणि बाणाचं तोंड इंजिनाकडे हवं. या बाणाचं तोंड टाकीकडे होतं.

फुगा उलटा बसवला होता.

आता ही चूक मी शंभर वेळा पाहिलीय. नवशिके करतात. पण नवशिक्यानं उलटा फुगा बसवला तर त्याच्या पट्ट्याही तिरक्या असतात, स्क्रूची डोकी ओरबाडलेली असतात, नळीवर पक्कडीचे दात उमटलेले असतात. इथं दोन्ही पट्ट्या सरळ रेषेत, सारख्या आवळलेल्या, नळीवर ओरखडासुद्धा नाही. असलं सुबक काम करणाऱ्याला बाण कुठे बघतोय हे कळत नाही, असं होणारच नाही. हे मुद्दाम केलं होतं. आणि ज्यानं केलं त्याला मोटरीला दुखवायचं नव्हतं, नुसतं लोकांसमोर खोकायला लावायचं होतं.

मी वर बघितलं. म्हातारीही माझ्याकडेच बघत होती. तिचा अंगठा शेंगेत तसाच थांबलेला. मग ती भराभरा सोलायला लागली, इतकी की दोन दाणे उडून पाण्यात पडले.

"काय, सापडलं काही?" औषधवाल्यानं विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो. तेही खोटं नव्हतं.

"बघा आणि काय ते एकदाच सांगा," तो म्हणाला. "आज नाही गेली तर उद्या भंगारवाला येतोय. मोटर वजनावर देणार आणि होडी फोडून टाकणार."

"उद्या?" म्हातारी म्हणाली. आल्यापासून तिनं मुलाला उद्देशून उच्चारलेला हा पहिलाच शब्द.

"आई, सांगणारच होतो तुला."

"मला तू परवा सांगितलं असतंस, सगळं झाल्यावर."

तो बुटावरची धूळ बघत राहिला.

माझी अशी पंचाईत आयुष्यात झाली नव्हती. मोटर गेलेली आहे म्हणावं, तर ताई खूश, पण उद्या ती भंगारात, आणि शिवाय ते खोटं. चांगली आहे म्हणावं, तर भाऊजी घेऊन जाणार. म्हणजे काहीही बोललो तरी ही बाई उद्यापासून घरात, चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांच्या मध्ये. बरं, मला काय पडलंय, असंही म्हणून बघितलं मनात. नाही जमलं. ती चकती कोरी करकरीत होती हो! असं इंजिन ठेवणाऱ्या माणसाला मी भंगारात काढू देणार?

"हिला खरंच दिसत नाही का?" मी औषधवाल्याला विचारलं.

"परवा माझ्या चहात मीठ घातलं."

"साखरेच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी कुणी लावली?" म्हातारी कडाडली. "आणि मिठाच्या डब्यावर 'साखर' कुणी लिहिलं? मी आपली गुणी बाई, लिहिलेलं वाचून घातलं!"

भाऊजी खो-खो हसले आणि औषधवाल्यानं बघितल्यावर खोकल्यासारखं केलं.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. पिशवीतून मी दाब मोजायचं गेज काढलं. इंजिनात जीव किती उरलाय ते हे गेज सांगतं. दोन्ही प्लग काढले, पहिल्याच्या जागी गेज फिरवून बसवलं आणि तबकडी धक्क्याच्या बाजूला वळवली. खिशातलं पुसायचं फडकं जरा वर ओढलं.

"भाऊजी, दोरी ओढा. पाच वेळा, जोरात."

भाऊजी होडीत उतरले. उतरले म्हणजे अर्धे कोसळले, पण जॅकेटनं सांभाळलं. त्यांनी पाच वेळा दोरी ओढली आणि पाचव्या वेळी मधल्या फळीवर बसले ते बसलेच. घामानं त्यांचा चष्मा पुरता धुरकटला होता.

मी वाकून तबकडीकडे डोळे बारीक केले. "च्यायला, माझा चष्मा घरीच राहिला. कुणीतरी आकडा वाचा बरं."

हो, खोटं बोललो. पण चष्म्याबद्दल.

औषधवाला धक्क्याच्या कडेपर्यंत आला, पाण्याकडे बघितलं आणि बुटांची टोकं मागे घेतली. "माझा जवळचा चष्मा दुकानात आहे," तो म्हणाला.

"नीट वाचा पण, कुणीही वाचा," मी म्हणालो, आणि हे मी म्हातारीकडे न बघता म्हणालो. "सगळं यावरच आहे. शंभराच्या वर असेल तर मोटर अजून वीस वर्षं जाईल. ऐंशीच्या खाली असेल तर ती मेलीय, भाऊजी, आपण घरी जाऊ."

कुणी हललं नाही. पाणी होडीला थपथप लागत होतं. म्हातारीच्या मांडीवर मटारांचं भांडं होतं आणि दोन्ही हात भांड्यात. तिच्यापासून तबकडी चांगली दोन पावलं लांब, खाली, आणि आकडे मुंगीएवढे. एक खोटा शब्द, आणि होडी निदान आजची रात्र तिच्याकडेच राहणार होती. साठ म्हणाली असती, तरी तिथे तिला खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. आणि ती साठ म्हणाली असती तर मी काय केलं असतं, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

"एकशे वीस," म्हातारी म्हणाली.

"आई, तुला तिथून—"

"एकशे वीस. दुसरं लाव, मिस्त्री."

मी दुसऱ्या प्लगच्या जागी गेज लावलं. भाऊजींनी पुन्हा पाच वेळा ओढली.

"एकशे अठरा," ती म्हणाली. "त्याला नेहमीच दोन कमी असतात. पहिल्यापासून."

औषधवाल्याला पटेना. भाऊजींनी फोननं तबकडीचा फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि हात लांब करून त्याला दाखवला. एकशे अठरा. तो फोटोकडे बघतच राहिला. मी तेवढ्यात प्लग बसवले, फुग्याच्या पट्ट्या सोडवल्या, बाण सरळ केला, फुगा दाबला आणि दोरी ओढली. एकदाच. मोटर लागली. खोकली नाही, शिंकली नाही, नुसती लागली आणि मागच्या बारीक भोकातून थंड करणाऱ्या पाण्याची धार अशी सणसणीत सुटली की भाऊजींची विजार आणि जॅकेट भिजलं.

"घेतली!" भाऊजी ओरडले आणि त्यांनी आनंदानं शिट्टी फुंकली.

म्हातारी मटारांच्या भांड्यात बघत होती. एकही शेंग उरली नव्हती, तरी सोलतच होती.

मी मोटर बंद केली. "थांबा भाऊजी," म्हणालो, "माझं अजून झालेलं नाही. मोटर तपासायला आणलंत ना मला? मग सगळा रिपोर्ट ऐका." आणि मी औषधवाल्याकडे वळलो. "ही मोटर एक नंबर आहे. चाळीस वर्षांत अशी ठेवलेली दुसरी पाहिली नाही. गिअरचं तेल नवं, चकती नवी. पंख्याच्या नटात ही बघ एवढीशी पिन आहे, ही ओवताना माझ्या हातून दोनदा खाली पडते, हिनं एका दमात ओवून दोन्ही टोकं सारखी वाकवलीत. आणि तो पेट्रोलचा फुगा उलटा होता. चुकून नव्हे. ज्याला होडी विकायची नसते तो तसा बसवतो. तू म्हणतोस हिला दिसत नाही, हात थरथरतात. ही मोटर सांगतेय तू चूक आहेस. मला मोटरीचं पटतं."

औषधवाल्याचा चेहरा लाल झाला. "आई? तू मुद्दाम…?"

"मग काय करू?" ती म्हणाली.

"मला खोटं पाडलंस! तीन गिऱ्हाइकांसमोर!"

"तू मला जिवंतपणी भंगारात काढत होतास."

तो एकदम फुटला. ओरडला म्हणा, रडला म्हणा, दोन्ही होतं त्यात. "मागच्या महिन्यात तू दोन तास उशिरा आलीस! अंधार पडत आला होता. मी याच धक्क्यावर उभा होतो. तुझा फोन घरी टेबलावर वाजत होता. त्या दोन तासांत मी तुला शोधायला माणसं पाठवली, तुझ्या बहिणीला काय सांगायचं ते ठरवलं, तुला… तुझं सगळं करून टाकलं मनात. आणि तू आलीस आणि म्हणालीस, भूक लागलीय! मला भीती वाटते, आई. बाकी काही नाही."

म्हातारीनं मांडीवरचं भांडं सरळ केलं. मग म्हणाली, "मोटर बंद करून बसले होते मध्यावर. काही नाही करत मी तिथे. नुसती बसते. तिथं कुणी 'आई, जपून' म्हणत नाही." आणि थोड्या वेळानं, "फोन न्यायला हवा होता. चुकले."

मी दुसरीकडे बघायला लागलो. भाऊजींनी चष्मा काढून जॅकेटला पुसला. जॅकेट ओलं होतं, त्यामुळे तो आणखीच खराब झाला.

"मला नको होडी," भाऊजी हळूच म्हणाले.

"भाऊजी?"

"म्हणजे हवी. पण ही नको. ही त्यांची आहे." मग त्यांनी म्हातारीकडे बघितलं आणि एखाद्या शाळकरी पोरासारखं विचारलं, "पण तुम्ही मध्यावर बसता तेव्हा बाजूला कुणी बसलं तर चालेल का? मी बोलत नाही फार. छत्तीस वर्षं तळघरात काढलीत. दोरी बांधेन, पाणी उपसेन. फोन माझ्याकडे असेल. शिट्टीसुद्धा आहे."

औषधवाल्यानं मान वर केली. माझ्या भाऊजींना त्यानं नव्यानं न्याहाळलं. जॅकेट, तिन्ही पट्टे, शिट्टी. त्याच्यासारख्या माणसाला आवडावं असं सगळं एकाच अंगावर होतं.

"दर वेळी बरोबर जाणार?" त्यानं विचारलं. "एकदाही चुकणार नाही?"

"चुकलो तर हिचे कान उपटा," भाऊजींनी शिट्टीकडे बोट दाखवलं. काय म्हणायचं होतं देव जाणे, पण त्याला कळलं.

"आईनंही जॅकेट घालायचं."

"नारिंगी नाही घालणार," म्हातारी म्हणाली. "भोपळ्याचं शेत वाटतं ते."

"निळं मिळतं," भाऊजी म्हणाले. "मी पाहिलंय दुकानात."

"खिसे आहेत?"

"दोन."

तिनं विचार केला. "बरं."

"आणि आधी मला दाखव," औषधवाला म्हणाला. "आत्ता. मी बसतो. पलीकडे नेऊन आण." एवढं बोलून त्यानं पॉलिश केलेले बूट काढले, आत मोजे नीट घडी घालून ठेवले आणि होडीत पाय टाकला. दोन्ही हातांनी त्यानं कड अशी पकडली की बोटं पांढरी पडली. लहानपणी याच होडीनं शाळेत जायचा म्हणे हा. मी धक्क्यावर चढलो, भाऊजी होडीतच राहिले. म्हातारीनं मटारांचं भांडं माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि धक्क्यावरून उतरली. होडी हललीसुद्धा नाही.

ती गेली आणि मी बादलीवर बसलो. पाच मिनिटांत ताईचा फोन.

"काय झालं? नको म्हणालास ना?"

"भाऊजींनी होडी घेतली नाही, ताई."

"देवा रे! माझा गुणी भाऊ तो!"

"हो. फक्त…"

"फक्त काय?"

"फक्त ते आत्ता तलावाच्या मध्यावर आहेत. आणि यापुढेही जात राहतील. पण एकटे नाहीत. आणि होडी चालवणाऱ्या बाईला एकशे अठरा दोन पावलांवरून दिसतं." ती काही बोलायच्या आत मी घाईघाईनं म्हणालो, "ताई, तूच बघ एकदा येऊन. तुझ्यासाठी पण निळं जॅकेट मिळतं." फोन बंद झाला. यापुढे महिनाभर तिच्याकडे जेवायला बोलावणं येणार नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

होडी परत आली तेव्हा औषधवाला पुढच्या फळीवर बसला होता, कड सोडून. भाऊजी मागे, आणि म्हातारीनं त्यांचा एक हात सुकाणूच्या दांड्यावर ठेवून घेतलेला. काठाला लागताना भाऊजींनी धक्क्याला असा धक्का दिला की मटारांचं भांडं माझ्या मांडीवरून घसरलं. कुणी रागावलं नाही. औषधवाला बूट हातात घेऊन शेडमध्ये गेला आणि बाहेर आला तो दारावरची 'होडी विकणे आहे' अशी चिठ्ठी चुरगळतच.

मी हत्यारं पिशवीत भरत होतो. म्हातारी शेजारी आली आणि वाकून दाणे वेचायला लागली. मीही वाकलो.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "जपून वाका. खिशातला चष्मा पडेल."

मी खिशावर हात ठेवला. फडक्याच्या आडून चष्म्याची दांडी बोटभर बाहेर आली होती. केव्हापासून, कोण जाणे.

"तुम्हाला तेव्हाच दिसला होता?"

"आलात तेव्हापासून."

"मग तुम्हाला माहीत होतं की मी खोटं बोलतोय. आणि हेही माहीत होतं की साठ म्हणालात तर मी कदाचित गप्प बसेन."

"बसला असतात," ती म्हणाली. "तोंडावरच दिसत होतं तुमच्या."

"मग साठ का नाही म्हणालात?"

तिनं शेवटचा दाणा उचलला, फुंकर घालून भांड्यात टाकला आणि मोटरीकडे बघितलं.

"सव्वीस वर्षांत तिनं मला एकदाही मध्ये सोडलं नाही हो. लोकांसमोर खोकायला लावलं, तेवढंच फार झालं. मेली कशी म्हणू?"